अपूर्णांकांचे टक्के मनातल्या मनात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या तोंडी गणिताच्या वर्गात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले येतात. परंतु प्रश्न पाठवणाऱ्यांत त्यांच्यापेक्षा पालक, गृहनिर्माण संस्थांचे सचिव आणि सोने घेताना गोंधळलेली माणसेच अधिक असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. जेथे भागाकार संपत नाही तेथे दोन दशांश स्थळांपर्यंतची आसन्न किंमत घेतली आहे.

१. अपूर्णांकाचे टक्के करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

छेद १०० असता तर अंश किती झाला असता, एवढेच शोधायचे असते. आठांत पाच, तर शंभरांत किती? हे सरळ त्रैराशिक आहे. आर्यभटापासून आपल्याकडे त्यातील तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. ५/८ मध्ये प्रमाण ८, फल ५ आणि इच्छा १००; फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की ५०० ÷ ८ = ६२.५ टक्के. शाळेत शिकवलेली ‘शंभराने गुणा आणि छेदाने भागा’ ही रीत तीच आहे आणि ती कधीही चुकत नाही. अडचण एवढीच की कागद नसताना ५०० ला ८ ने भागताना मधल्या बाक्या लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणून मनातल्या हिशेबात क्रम बदलावा: आधी शंभराचा छेदाइतका भाग, म्हणजे येथे १२.५, आणि मग त्याची अंशाइतकी पट. पुढील बहुतेक युक्त्या या क्रमबदलातूनच निघतात.

२. किती अपूर्णांक पाठ असायला हवेत?

माझ्या मते १/२ पासून १/१२ पर्यंतचे सर्व, आणि त्यांशिवाय १/१५, १/१६, १/२०, १/२४, १/२५ व १/४० एवढे पुरतात. त्याहून मोठी यादी पाठ करणारी मुले परीक्षेत १/१७ आणि १/१८ यांची अदलाबदल करताना मी पाहिली आहेत. अर्धवट पाठ असलेली किंमत ही काहीच पाठ नसण्यापेक्षा घातक असते.

पाठांतराचे ओझे दोन प्रकारे हलके होते. पहिला प्रकार निम्मे करत जाण्याचा. अर्ध्याचे ५०, पावाचे २५, आठव्या हिश्श्याचे १२.५, सोळाव्याचे ६.२५ ही एक साखळी. तिसऱ्या हिश्श्याचे ३३.३३, सहाव्याचे १६.६७, बाराव्याचे ८.३३, चोविसाव्याचे ४.१७ ही दुसरी. पाचव्याचे २०, दहाव्याचे १०, विसाव्याचे ५, चाळिसाव्याचे २.५ ही तिसरी. या तीन साखळ्यांबाहेर १/७, १/९, १/११, १/१५ आणि १/२५ एवढेच उरतात.

दुसरा प्रकार जोड्यांचा. छेद आणि त्याचे टक्के यांचा गुणाकार नेहमी १०० येतो, त्यामुळे १/९ चे ११.११ टक्के माहीत असले तर १/११ चे ९.०९ टक्के वेगळे पाठ करावे लागत नाहीत. तसेच १/१५ चे ६.६७ आणि १/७ चे १४.२९: एकाचा छेद साधारण दुसऱ्याच्या टक्क्यांच्या जागी बसतो.

३. माझे आजोबा सगळे हिशेब आण्यांत करत. त्या पद्धतीचा आज काही उपयोग आहे का?

मोठा उपयोग आहे. रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या दिवसापासून साऱ्या देशाला १/१६ चे शेकड्यात रूपांतर करणे भाग पडले: एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आपल्या दृष्टीने तेच ६.२५ टक्के. दोन आण्यांची चवली म्हणजे १२.५, चार आण्यांची पावली म्हणजे २५, आठ आण्यांची अधेली म्हणजे ५० आणि बारा आणे म्हणजे ७५ टक्के. छेद ८ किंवा १६ असलेला कोणताही अपूर्णांक या चार थांब्यांपैकी एखाद्याच्या जवळ असतोच. ७/८ म्हणजे चौदा आणे, म्हणजे बारा आणे आणि एक चवली, ७५ + १२.५ = ८७.५. १३/१६ म्हणजे बारा आणे आणि वर एक, ८१.२५.

एकदा वर्गात मी ११/१६ विचारले. मुले फळ्याकडे पाहत होती, आणि नातीला न्यायला आलेले एक आजोबा मागच्या बाकावर अंगठा बोटांवरून फिरवत होते. बोटाच्या तीन रेषा आणि एक टोक असे प्रत्येक बोटावर चार, चार बोटांवर सोळा. अंगठा दोन बोटे ओलांडून तिसऱ्याच्या तिसऱ्या रेषेवर थांबला आणि ते हळूच म्हणाले, “आठ आणे नि वर तीन आणे.” नातीने वहीत ५० आणि १८.७५ लिहिले व बेरीज केली: ६८.७५. त्या दिवसापासून मी ही रीत प्रत्येक तुकडीला हातावरच शिकवतो. एक बोट म्हणजे २५ टक्के आणि एक घर म्हणजे सव्वासहा टक्के, हे एकदा हातात बसले की विसरत नाही.

पिकांच्या आणेवारीची पैसेवारी झाली तीही याच वाटेने. गावची पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आहे असे वाचले की प्रमाण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी पीक आले, असा त्याचा अर्थ. पावकी, निमकी आणि पाऊणकी (पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या पटी) यांचे पाढे ज्यांच्या घरी अजून कोणाला येत असतील त्यांनी ते मुलांना जरूर म्हणायला लावावेत.

४. छेद २०, २५ किंवा ५० असेल तर सर्वांत जलद रीत कोणती?

छेदाला शंभरापर्यंत नेणारी संख्या शोधावी आणि तिनेच अंशाला गुणावे. २० साठी ५, २५ साठी ४, ५० साठी २. म्हणून १७/२० चे ८५, १८/२५ चे ७२ आणि ३१/५० चे ६२ टक्के. छेद ४० असेल तर अंशाची अडीचपट करावी: २७/४० म्हणजे ५४ आणि साडेतेरा, ६७.५.

५. छेद ६, ९, ११ आणि १२ यांच्यासाठी काही खूण आहे का?

नवासाठी अंश जसाच्या तसा पुन्हा पुन्हा येतो: ५/९ म्हणजे ५५.५५…, म्हणजे ५५.५६. अकरासाठी अंशाची नऊपट घेऊन ती जोडी पुन्हा लिहावी: ७/११ साठी ६३, म्हणून ६३.६३…, म्हणजे ६३.६४. मात्र १/११ ची नऊपट ०९ अशी दोन अंकी धरावी, येथे ९.०९ ऐवजी ९.९९ लिहिणारे दर तुकडीत एक-दोघे निघतात. सहा आणि बारासाठी अर्ध्यापासून मोजणे बरे: ७/१२ म्हणजे अर्धा आणि वर एक बारावा, ५८.३३, ५/१२ म्हणजे अर्ध्यातून एक बारावा वजा, ४१.६७.

६. सातचा छेद आला की नेहमी अडते. काय करावे?

सातचे कोडे एकाच संख्येत दडलेले आहे: १४२८५७. सातने भागताना हेच सहा अंक याच क्रमाने फिरत राहतात, फक्त सुरुवात बदलते. त्यामुळे सुरुवातीचा अंक ओळखता आला की काम झाले. हे सहा अंक लहानापासून मोठ्याकडे लावले तर १, २, ४, ५, ७, ८ असे होतात. १/७ ची सुरुवात पहिल्याने, २/७ ची दुसऱ्याने, ३/७ ची तिसऱ्याने, असे पुढे. ५/७ साठी पाचवा अंक ७, म्हणून ७१४२८५, म्हणजे ७१.४३ टक्के. पाठांतर करायचे असल्यास १४, २८, ५७ ही दुप्पट होत जाणारी चाल लक्षात ठेवावी. तिसऱ्या जागी ५६ ऐवजी ५७ येते, कारण मागून हातचा येतो.

छेद १४ असेल तर अर्ध्यापासून निघावे: ९/१४ म्हणजे अर्धा आणि वर २/१४, ५० + १४.२९ = ६४.२९. छेद ३५ असेल तर अंश व छेद दोन्ही दुप्पट करावे: ९/३५ म्हणजे १८/७०. १८ ला ७ ने भागून २.५७१४, म्हणजे २५.७१ टक्के. छेदाच्या शेवटी ५ असताना दुप्पट करण्याची ही सवय ४५ साठीही उपयोगी पडते. ७/४५ म्हणजे १४/९०, म्हणजे १५.५६.

७. २२ कॅरेट सोन्यावर ९१६ असा शिक्का का असतो? १४ कॅरेटचा ५८५ हा आकडा मात्र जमत नाही.

झवेरी बाजारातून परतताना हा प्रश्न विचारणारे इतके आहेत की त्याला स्वतंत्र उत्तर हवे. कॅरेट म्हणजे चोवीस भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग. २२/२४ काढायला २२ ला हात लावू नये. दोन भाग कमी आहेत, म्हणजे एक बारावा हिस्सा, म्हणजे ८.३३ टक्के. शंभरातून तो वजा केला की ९१.६७ टक्के. शिक्क्यावर शुद्धता हजारात लिहितात, ९१६.६६… मधील दशांश भाग सोडून ९१६ हा आकडा ठरला आहे. याच हिशेबाने १८ कॅरेट म्हणजे बारा आणे, ७५०; २० कॅरेट म्हणजे पाच षष्ठांश, ८३३; आणि २३ कॅरेट म्हणजे शंभरातून ४.१७ वजा, ९५८.

१४ कॅरेटबाबतची शंका मात्र रास्त आहे. १४/२४ म्हणजे ७/१२, म्हणजे ५८.३३ टक्के, आणि हजारात ५८३. हॉलमार्कच्या प्रमाणात हा आकडा ५८५ ठेवलेला आहे, म्हणजे अपूर्णांकापेक्षा किंचित अधिक शुद्धता मागितलेली आहे. आपली आकडेमोड बरोबरच असते. प्रमाण वेगळे ठरवलेले असते.

येथे वापरलेली पूरक भागाची रीत सोन्यापुरती नाही. अंश छेदाच्या अगदी जवळ असेल तर उरलेला भाग मोजून शंभरातून वजा करावा. १७/१९ साठी २/१९ काढावे. २/२० चे १० टक्के, त्याहून थोडे जास्त म्हणून १०.५३ (ही दुरुस्ती प्रश्न ९ मध्ये दिली आहे), उत्तर ८९.४७.

८. छेद ७३ सारखा ओबडधोबड असेल आणि त्याचे अवयवच पडत नसतील तर?

मग टक्क्यांची पायरी-पायरी चढावी. छेदाचे १० टक्के आणि १ टक्का या दोन किंमती मनात धराव्यात आणि अंश भरेपर्यंत त्या रचत जावे. ५३/७३ साठी १० टक्के म्हणजे ७.३. सात पायऱ्या चढल्या की ५१.१ झाले आणि १.९ उरले. एक टक्का म्हणजे ०.७३, दोन टक्के म्हणजे १.४६; उरले ०.४४, आणि ते एका टक्क्याच्या सहा दशांशांइतके आहे. उत्तर ७२.६ टक्के. येथे भागाकार कोठेही केलेला नाही, केवळ वजाबाकी झाली आहे, आणि प्रत्येक पायरीवर आपण कोठे आहोत हे कळत असते. परीक्षेतील पर्याय ६८, ७२.६, ७५.१ आणि ७९ असे असतील तर दहा-दहा टक्क्यांच्या सात पायऱ्यांनंतरच थांबता येते.

अंश निम्म्याच्या वर असेल तर पायऱ्या पन्नासपासून मोजाव्यात. रस्त्यात समोरच्या टॅक्सीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक ३७५२ असतील तर ३७/५२ करून पाहावे: अर्धे २६, उरले ११, बावन्नाचा एक टक्का ०.५२, म्हणून अकरासाठी एकवीस टक्क्यांहून थोडे अधिक; उत्तर ७१.१५. सराव कसा करावा, असे विचारणाऱ्यांना मी हाच मार्ग सांगतो. दादर ते फोर्ट एवढ्या अंतरात वीस-पंचवीस अपूर्णांक सहज होतात.

९. छेद जवळच्या सोप्या संख्येने बदलला तर उत्तर चुकते. ती चूक किती असते आणि कशी भरून काढायची?

छेद वाढवला की उत्तर कमी येते आणि छेद घटवला की जास्त येते. छेद जितका बदलला त्याला मूळ छेदाने भागावे. उत्तर तेवढ्याच प्रमाणात दुरुस्त करावे.

रणजी करंडकाच्या २०२३-२४ पर्यंतच्या ८९ हंगामांत मुंबईने ४२ वेळा विजेतेपद मिळवले. ४२/८९ ऐवजी ४२/९० घेतले तर ते ७/१५ होते, म्हणजे ४६.६७ टक्के. छेद एकाने वाढवला होता, म्हणून या उत्तराचा एक एकोणनव्वदावा भाग, सुमारे ०.५२, परत मिळवावा: ४७.१९ टक्के. एका संघाकडे जवळजवळ निम्मी विजेतेपदे, हे टक्क्यांत पाहिल्यावरच खरे जाणवते.

फलंदाजाचा स्ट्राइक रेट हाही शंभर चेंडूंमागील धावांचा, म्हणजे टक्क्यांचाच आकडा असतो. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर धोनीने ७९ चेंडूंत नाबाद ९१ धावा केल्या. ९१/७९ म्हणजे एक पूर्ण आणि वर १२/७९. बारा ऐंशीअंश म्हणजे १५ टक्के. त्याचा एक एकोणऐंशीवा भाग ०.१९, म्हणून ११५.१९.

छेद शंभराच्या वर थोडाच असेल तर दुरुस्ती वजा होते. ३७/१०२ साठी ३७ मधून २/१०२ इतका भाग, म्हणजे सुमारे ०.७३ वजा करून ३६.२७.

१०. दहावीच्या गुणांचे टक्के चटकन कसे काढावेत? ७४.८ ला ७५ म्हणता येईल का?

राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच धरले की एकूण ५०० होतात. गुणांची दुप्पट करून एक दशांश स्थळ सोडावे: ४६७ चे ९३४, म्हणजे ९३.४ टक्के. एक गुण म्हणजे ०.२ टक्का, हे लक्षात असले की फेरतपासणीत वाढलेल्या तीन गुणांनी टक्के किती वाढले हे विचारावे लागत नाही. एकूण ६०० असतील तर थेट सहाने भागावे. ४३७ चे ७२.८३.

७४.८ ला घरी बोलताना पंचाहत्तर म्हणायला हरकत नाही, पण अर्जात नाही. विशेष प्रावीण्य ७५ टक्क्यांपासून, म्हणजे ५०० पैकी ३७५ गुणांपासून असते, आणि ३७४ म्हणजे ३७४. जेथे मर्यादा ठरलेली आहे तेथे टक्के पूर्णांकात आणण्याआधी मूळ गुण पाहावेत. आईवडिलांना हे सांगताना वाईट वाटते, तरीही ते निकालाच्या दिवशीच सांगितलेले बरे.

११. एका चाचणीत ९० टक्के आणि दुसरीत ५० टक्के मिळाले. एकूण ७० टक्के झाले ना?

दोन्ही चाचण्यांचे एकूण गुण सारखे असतील तरच. २० पैकी १८ म्हणजे ९० टक्के आणि ८० पैकी ४० म्हणजे ५० टक्के. दोन्ही मिळून १०० पैकी ५८, म्हणजे ५८ टक्के. टक्क्यांची सरासरी काढण्याआधी अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज करावी.

१२. तलावांचा साठा लाखो दशलक्ष लिटरमध्ये देतात. एवढ्या मोठ्या आकड्यांचे टक्के तोंडी कसे करायचे?

मोठ्या आकड्यांना घाबरण्याचे कारण नाही. अंश आणि छेद यांच्या शेवटचे सारख्याच संख्येने अंक झाकले तर टक्के जवळजवळ बदलत नाहीत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची, म्हणजे अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी यांची एकत्रित क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. हा छेद दरवर्षी तोच राहतो, म्हणून त्याचा एकदाच अभ्यास करून ठेवावा: एक लाख म्हणजे जवळजवळ ७ टक्के, अधिक नेमके सांगायचे तर ६.९१. समजा साठा ५.२ लाख आहे, सातपट ३६.४, आणि थोडे कमी करून सुमारे ३६ टक्के. नेमके उत्तर ३५.९३ आहे. जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्रीत साठा लाखाने वाढला, तर शहराची टाकी सात टक्क्यांनी भरली हे आकडा वाचतावाचताच कळते. ज्या छेदाशी आपला रोजचा संबंध येतो, मग तो महिन्याचा पगार असो वा दुकानाची महिन्याची विक्री, त्याचा एक टक्का असाच ओळखीचा करून घ्यावा.

१३. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची झाली तर २५ टक्के वाढ म्हणतात, आणि पंधराची बारा झाली तर २० टक्के घट. डबे तर तीनच आहेत. हे कसे?

अंश तोच आहे, छेद बदलला आहे. वाढ मोजताना मूळ १२ डबे, म्हणून ३/१२ = २५ टक्के; घट मोजताना मूळ १५ डबे, म्हणून ३/१५ = २० टक्के. यातून एक सुंदर नियम मिळतो. एखादी गोष्ट १/४ ने वाढली तर पूर्ववत होण्यासाठी ती १/५ ने कमी व्हावी लागते. १/५ ने वाढली तर १/६ ने. १/२० ने वाढली तर १/२१ ने. अंश एकच असल्यास छेदात एक मिळवायचा. अंश मोठा असल्यास छेदात अंश मिळवायचा. टक्क्यांत हा नियम दिसत नाही, अपूर्णांकांत लगेच दिसतो. टक्क्यांचा प्रश्न असला तरी विचार अपूर्णांकात करावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

१४. बिलात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. एकूण रकमेच्या १८ टक्के काढले तर कर जास्त येतो. का?

कारण १८ टक्के मूळ किमतीवर आहेत आणि आपण ते करासहित रकमेवर काढतो आहोत. प्रश्न १३ मधला नियम येथे तसाच लागू होतो: १८ टक्के म्हणजे ९/५०, आणि छेदात अंश मिळवून ९/५९. याचे टक्के काढताना ९/६० चे १५, आणि प्रश्न ९ मधील दुरुस्तीने १५.२५. म्हणून १,१८० रुपयांच्या बिलात कर १८० रुपये असतो, २१२ रुपये ४० पैसे नव्हे. ५ टक्के दराने कर धरलेला असेल तर एकूण रकमेचा १/२१, म्हणजे ४.७६ टक्के.

‘वीस टक्के सूट आणि त्यावर आणखी दहा टक्के’ या पाटीचाही निकाल असाच लागतो. उरलेले भाग गुणावेत: ४/५ आणि ९/१० मिळून ३६/५०, म्हणजे ७२ टक्के किंमत द्यायची, सूट ३० नसून २८ टक्के.

१५. ‘पाव टक्का’, ‘पाव हिस्सा’ आणि ‘दीडपट’ यांत नेहमी घोळ होतो. नेमका अर्थ काय?

पाव हिस्सा म्हणजे २५ टक्के. पाव टक्का म्हणजे एका टक्क्याचा पाव, म्हणजे ०.२५ टक्के. दोहोंत शंभरपटीचे अंतर आहे.

आणखी एक बारीक भेद बातम्यांत दिसतो. फोर्टमधील रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा ‘पाव टक्क्याची कपात’ असे छापून आले. ही दोन टक्क्यांमधली वजाबाकी आहे. तिला टक्केबिंदू म्हणणे अधिक स्पष्ट. मूळ दराच्या तुलनेत घट किती, असे विचारले तर ०.२५/६.५०, म्हणजे १/२६, म्हणजे ३.८५ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. परीक्षेत ‘दर किती टक्क्यांनी कमी झाला’ असे विचारल्यास बहुधा दुसरे उत्तर अपेक्षित असते.

‘दीडपट झाले’ म्हणजे १५० टक्के झाले, म्हणजेच वाढ ५० टक्के. ‘दीडपटीने वाढले’ असे लिहिणे टाळावे. वाचणारा त्याचा अर्थ अडीचपट झाले असाही करू शकतो.

१६. दोन तृतीयांश बहुमत म्हणजे ६६ टक्के की ६७ टक्के?

दोन्ही नाही. दोन तृतीयांश म्हणजे ६६.६६… टक्के, आणि मतमोजणीत टक्क्यांकडे जाऊच नये. एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मी सभासद म्हणून बसलो होतो. ठरावाला उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांची गरज होती. ५० जण हजर, ३३ हात वर. टक्के ६६ झाले म्हणून ठराव मंजूर झाल्याचे जाहीर झाले, आणि टाळ्याही वाजल्या. मी घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आले की ५० चे दोन तृतीयांश ३३.३३ होतात, म्हणजे ३४ मते हवी होती. सभा पुन्हा घ्यावी लागली. सर्वांसमोर त्याच वेळी हात वर करून हे सांगायला हवे होते, याची खंत मला आजही आहे. अशा ठिकाणी मतांची तिप्पट करावी आणि उपस्थितांची दुप्पट करावी: ३३ × ३ = ९९, ५० × २ = १००; ९९ पुरत नाहीत.

साध्या बहुमताचेही तसेच. २८८ सदस्यांच्या विधानसभेत १४५ म्हणजे निम्म्याहून एकच अधिक. १/२८८ म्हणजे सुमारे ०.३५, म्हणून ५०.३५ टक्के. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांपैकी ११४ म्हणजे निम्म्याहून केवळ अर्ध्या जागेने अधिक, ५०.२२ टक्के. दोन्ही ठिकाणी ‘५१ टक्के हवेत’ असे धरले तर गरजेपेक्षा जास्त जागा मागितल्या जातात.

१७. तीन भावंडांचे समान हिस्से ३३.३३ लिहिले तर बेरीज ९९.९९ येते. उरलेला ०.०१ कोणाचा?

कोणाचाच नाही, तो लिहिण्यात हरवलेला आहे. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणल्यावर छेदात २ आणि ५ यांशिवाय दुसरा मूळ अवयव असेल तर टक्के कधीच संपत नाहीत. ३/१२ मध्ये तीन दिसतो खरा, पण तो संक्षेपात निघून जातो आणि २५ उरतात. ५/१२ मध्ये तो राहतो. म्हणून वाटणीपत्रात, वारसाहक्कात आणि भागीदारीत हिस्सा १/३ असाच लिहावा, टक्क्यांत लिहू नये. ही सूचना मी हात जोडून करतो. रक्कम मोठी असली की ०.०१ टक्का लहान राहत नाही.

१८. टक्के दिले असतील आणि संख्या काढायची असेल, तर याच गोष्टी उलट वापरता येतील का?

अवश्य. ६४० चे ३७.५ टक्के विचारले तर सहा आणे ओळखावेत: ६४० चा आठवा भाग ८०, त्याची तिप्पट २४०. तसेच ‘अ’चे ‘ब’ टक्के आणि ‘ब’चे ‘अ’ टक्के नेहमी सारखे असतात. म्हणून ७५ चे २८ टक्के काढण्याऐवजी २८ चे ७५ टक्के, म्हणजे अठ्ठावीसचे पाऊण, २१. ज्यांना पाऊणकी येते त्यांना येथे विचारच करावा लागत नाही.

१९. गेल्या वर्षी आमच्या शाखेत एकही विद्यार्थी नव्हता, यंदा पाच आहेत. वाढ किती टक्के लिहायची?

लिहूच नये. वाढ मोजायला मूळ संख्या छेदात जाते, येथे ती शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही. ५०० टक्के किंवा १०० टक्के असे काही अहवालांत दिसते, ते दोन्ही चुकीचे आहे. ‘शून्यावरून पाच’ असे शब्दांत लिहावे. पुढच्या वर्षी पाचाचे आठ झाले, तर तेव्हा मात्र ३/५, म्हणजे ६० टक्के, असे निःशंकपणे लिहिता येईल.